वर्गाचे मत

14 जानेवारी 1994 रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळाले. त्याच वर्षीच्या विद्यापीठ कायद्याने वर्गप्रतिनिधी निवडण्याचे मत विद्यार्थ्यांकडून काढून घेतले. परीक्षेतल्या गुणांवर नेमणूक आली. निवडणुकीतली गुंडगिरी थांबावी, हा हेतू. पण नेमलेला प्रतिनिधी नेमणाऱ्यांना जाब कसा विचारणार? 2016च्या कायद्याने मतदान परत आणले, विद्यापीठ विभागांना स्वतंत्र विद्यार्थी परिषद दिली. तीत अनुसूचित जाती-जमाती, विमुक्त, भटके, इतर मागास या सर्वांत मिळून एक राखीव जागा, तीही चिठ्ठ्या टाकून, आळीपाळीने! 2019ची निवडणूक तर पुढेच ढकलली गेली.

बदनापूरहून विद्यापीठात ये-जा करणाऱ्या आपल्या पोराने अंतर्गत गुण का कापले, हे एकट्याने विचारणे म्हणजे पुढच्या सत्राचे गुण पणाला लावणे. निवडून आलेला प्रतिनिधी तेच साऱ्या वर्गाच्या वतीने विचारू शकतो. शिष्यवृत्तीचा अर्ज कोणाच्या टेबलावर अडला, हेही.