तान्ह्यांच्या पुस्तकांसाठी वेगळा पुरस्कार हवाच

अमेरिकेतला कॅल्डेकॉट पुरस्कार १९३८ पासून दिला जातो आणि चित्रपुस्तकांच्या जगात त्याचा दबदबा आहे. पण चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी काढलेलं कोणतंही चित्रपुस्तक त्याला चालतं. २००८ साली तो ब्रायन सेल्झनिक यांच्या 'द इन्व्हेन्शन ऑफ ह्यूगो कॅब्रे'ला मिळाला. पाचशेहून अधिक पानांचं हे पुस्तक त्या मानाला पात्र होतंच. प्रश्न एवढाच, की त्याच शर्यतीत दहा महिन्यांच्या बाळासाठी केलेलं आठ-दहा जाड पानांचं पुस्तक कसं टिकणार? प्रौढ परीक्षकांची नजर साहजिकच कथेची खोली आणि रेषेतली करामत यांकडे जाते. अळीने पाडलेल्या भोकांत मुलांना बोटं घालू देणारं एरिक कार्ल यांचं 'द व्हेरी हंग्री कॅटरपिलर' १९६९ साली आलं, जगभर कोट्यवधी घरांत पोचलं, पण कॅल्डेकॉट त्याला मिळाला नाही.

बाळाचं पुस्तक म्हणजे मोठ्यांच्या पुस्तकाची छोटी आवृत्ती नव्हे. नवजात बाळाला वीस-तीस सेंटिमीटरवरचंच जरा नीट दिसतं, तेही ठळक असेल तर. टाना होबन यांनी १९९३ साली 'ब्लॅक ऑन व्हाइट'मध्ये पांढऱ्या पानावर नुसत्या काळ्या आकृत्या ठेवल्या, त्या याच वयासाठी. मानसशास्त्रज्ञ ज्युडी डीलोच आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली दाखवून दिलं, की नऊ महिन्यांची मुलं चित्रातली वस्तू उचलायला बघतात, पानावर बोटं खुपसतात, ओरबाडतात. दीड वर्षाच्या पुढे तीच मुलं चित्राकडे बोट दाखवू लागतात. चित्र म्हणजे वस्तू नव्हे, हे त्यांना या मधल्या महिन्यांत उमगतं. म्हणून पानाचे कोपरे गोल आहेत का, चित्रामागची जागा मोकळी आहे का, तेच वाक्य शंभरदा मोठ्याने वाचताना आई-बाबांची जीभ अडखळते का, हे इथले खरे वाङ्मयीन निकष आहेत.

बाळाला मत देता येत नाही, मग निवड शेवटी मोठ्यांचीच, असा आक्षेप येतो. तो अर्धाच खरा आहे. बाळ कुठल्या पानावर थांबतं, कुठलं पुन्हा उघडायला लावतं, हे पाळणाघरातली ताई रोज पाहते. परीक्षकांत तिला बसवावं. वर्गवारी वाढली की दर्जा घसरतो, असंही म्हणतात. ऑस्ट्रेलियात बालपुस्तक परिषदेने चित्रपुस्तकांचा पुरस्कार चालू ठेवूनच २००१ पासून अगदी लहानांसाठी वेगळा पुरस्कार दिला. २००५ साली तो मेम फॉक्स आणि जुडी होरासेक यांच्या 'व्हेअर इज द ग्रीन शीप?'ला मिळाला. त्यातली नेमकी, लयदार वाक्यं लिहायला लेखणीवर मोठा ताबा लागतो.

मराठीत ही उणीव जास्त बोचते. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार २०१० पासून आहे, पण भाषेमागे एकच, आणि तो लेखकाला, चित्रकाराला नाही. माधुरी पुरंदरे यांना तो २०१४ साली मिळाला याचा आनंदच आहे. त्या स्वतः लिहितात आणि स्वतःच चित्रंही काढतात. पण जिथे लेखक आणि चित्रकार वेगळे असतात, तिथे निम्मं काम बिनदखल राहतं. त्यात जाड पुठ्ठा आणि रंगीत छपाई महाग, आवृत्ती लहान. म्हणून प्रकाशक कचरतो. नुसत्या मानचिन्हाने हे गणित बदलणार नाही. महाराष्ट्रात लाखाच्या आसपास अंगणवाड्या आहेत. पुरस्काराबरोबर त्यांच्यासाठी खरेदीची हमी दिली, तर मोठ्या आवृत्तीमुळे प्रतीमागचा खर्च उतरेल आणि प्रकाशक अशी पुस्तकं काढायला धजावतील.