खाटेवरच्या माणसाचा खर्च कोणाच्या वहीत?

तायांनो, द्राक्षांचा हंगाम लागला की आपल्या सुरगाण्यातली माणसं दिंडोरी-निफाडकडे कामाला निघतात. पण ज्या घरात म्हातारं माणूस खाटेला खिळलंय, तिथली सून नाहीतर लेक मागे राहते. कूस बदलायची, पुसायचं, भरवायचं, रात्री उठून कपडे धुवायचे. आणि एवढं राबूनही लोक म्हणणार, "ती घरीच असते!"

आता पैशाचं बघा. श्रावणबाळ योजनेत 65 वर्षांपुढच्या निराधाराला महिन्याला 1500 रुपये मिळतात. अट काय, तर घराचं वर्षाचं उत्पन्न 21 हजारांच्या आत. म्हणजे अख्ख्या घराची दिवसाची कमाई 58 रुपयांच्या आत हवी! रोजगार हमीची एका माणसाची मजुरीच 2025-26 मध्ये 312 रुपये होती. त्या हिशोबाने महिन्याची पेन्शन पाच दिवसांच्या मजुरीएवढीही भरत नाही.

70 वर्षांपुढच्या सगळ्यांना 2024 पासून आयुष्मान कार्डावर वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार आहेत. कार्ड काढलं नसेल तर आधी काढा. पण ते मुख्यतः दवाखान्यात भरती असतानाच्या खर्चाचं. घरी आणल्यावरची औषधं, मलम, डायपर आणि बुडालेली मजुरी आपल्याच गळ्यात. ग्रामसंघाचा जोखीम प्रवणता निधी आहे ना, असं कोणी म्हणेल. आहे, पण घेतलेला पैसा फेडायचा असतो. फेडणार कोण? जी कामाला जाऊच शकत नाही, ती?

केरळात अंथरुणाला खिळलेल्या माणसाला सांभाळणाऱ्याला सरकार महिन्याला 600 रुपये देतं. योजनेचं नाव आश्वासकिरणम. रक्कम तुटपुंजी आहे, हप्तेही रखडतात. तरी सांभाळणं हे काम आहे, हे तिथे सरकारी कागदावर आलं. आपली मागणी हीच: सांभाळणारीला वेगळा भत्ता द्या आणि ती 21 हजारांची अट वाढवा.

आपला तालुका पेसात आहे, पाड्याची ग्रामसभा आपली आहे. तिथे ठराव घ्या आणि तहसीलदारांमार्फत सरकारकडे पाठवा. पेसाच्या अबंध निधीतून आरोग्यावर खर्च करता येतो. त्यातून पाड्यासाठी एक हवेची गादी आणि एक कमोड खुर्ची मागा, ज्या घरी गरज त्या घरी फिरेल. हे लगेच होण्यासारखं आहे.

ठरावात नुसतं "हाल होतात" असं लिहू नका. कोणत्या घरात, कोण सांभाळतं, यंदा मजुरीचे किती दिवस बुडाले, ते लिहा. पुढच्या बैठकीला येताना आपल्या पाड्याची ही यादी घेऊन या.