दिल्लीत घेतलेली स्पोर्ट्स कार पुण्यापर्यंत चालवत आणताना

दिल्ली, गुरुग्राम आणि चंदीगड इथल्या जुन्या गाड्यांच्या बाजारात दोन आसनी स्पोर्ट्स कारची निवड महाराष्ट्राच्या मानाने मोठी असते आणि भावही बऱ्याचदा नरम असतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिलेल्या आदेशांमुळे राजधानी परिसरात १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्या रस्त्यावर आणण्यास बंदी आली. अलीकडे या आदेशांत फेरफार झाले आहेत, त्यामुळे व्यवहाराच्या वेळचा ताजा आदेश पाहावा लागतो. पण पंधरा वर्षे भरण्याआधी गाडी काढून टाकायची सवय तिथल्या मालकांना लागली ती लागलीच. अशी गाडी घेणाऱ्या पुणेकरापुढे दोन वाटा असतात. गाडी ट्रकवर चढवून आणायची, नाहीतर राष्ट्रीय महामार्ग ४८ ने जयपूर, उदयपूर, अहमदाबाद, सुरत करत सुमारे १५०० किलोमीटर चालवत आणायची. दुसरी वाट मोहाची आहे आणि शक्यही आहे; मात्र गाडीची नीट तयारी केलेली असावी लागते.

उदाहरण म्हणून पोर्शे बॉक्स्टर घेता येईल. १९९६ मध्ये आलेल्या या गाडीचे टप कापडी आणि उघडणारे आहे. सहा सिलिंडरचे इंजिन आसनांच्या मागे, मागच्या चाकांच्या पुढे बसवलेले असते. पुढे एक डिकी, मागे एक डिकी. गाडीची दुखणी जगभरच्या मेकॅनिकांना पाठ आहेत, त्यामुळे काय तपासायचे याची यादी तयारच मिळते. बीएमडब्ल्यू झेड-४, मर्सिडीज एसएलके किंवा ऑडी टीटी असली तरी त्यातले निम्म्याहून अधिक मुद्दे लागू पडतात.

जाहिरातीतले ‘अगदी कमी चाललेली’ हे विशेषण भाव वाढवते, पण लांबच्या प्रवासाच्या दृष्टीने तीच धोक्याची खूण असू शकते. रोज वापरातल्या गाडीचे बिघाड मालकाला वेळीच कळतात. तळघरातल्या पार्किंगमध्ये कव्हराखाली वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीचे कोणालाच कळत नाहीत. रबर वापराने झिजते तसे नुसत्या वयानेही कडक होते. ब्रेक ऑइल पाणी शोषत राहते, टाकीतले पेट्रोल शिळे होते, बॅटरी उतरते, आणि उंदीर वायरिंगवर दात आजमावतात. म्हणून गाडी ताब्यात आल्यावर पहिला खर्च रबरावर आणि द्रवांवर करायचा असतो. पॉलिश, सीट कव्हर, नवी म्युझिक सिस्टीम हे सगळे पुण्यात गेल्यावर करता येते.

सुरुवात टायरपासून करावी. टायरच्या बाजूला डॉट या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे २३१९ असेल तर टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. सहा वर्षांपुढचा टायर, नक्षी कितीही खोल दिसली तरी, महामार्गावरच्या सलग वेगासाठी भरवशाचा नाही, आणि दहा वर्षांपुढच्या टायरवर तर गॅरेजच्या फाटकाबाहेरही पडू नये. अशा गाड्यांचे पुढचे आणि मागचे टायर वेगवेगळ्या मापाचे असतात. माप दुर्मीळ असेल तर दुकानदाराला मागवून घ्यायला काही दिवस लागतात. म्हणून मापे विक्रेत्याकडून फोटोवर मागवून, पुण्यातून निघण्याआधीच दिल्लीच्या दुकानात मागणी नोंदवणे शहाणपणाचे. हवेचा दाब थंड टायरमध्ये आणि गाडीवरच्या स्टिकरप्रमाणे भरायचा. बॉक्स्टरमध्ये इंजिनचे वजन मागे असल्याने मागचा दाब पुढच्यापेक्षा बराच जास्त असतो. पंक्चरवाल्याने सवयीने चारही चाकांत ‘तीस-बत्तीस’ भरून दिले तर गाडीचे वळणावरचे वागणे बदलते.

चाकांचा आणखी एक मुद्दा हमखास विसरला जातो. चोरी टाळण्यासाठी प्रत्येक चाकाचा एक बोल्ट वेगळ्या खाचेचा असतो आणि तो खोलायला खास सॉकेट लागते. ते सॉकेट मागच्या मालकाच्या घरी राहिले, तर चित्तोडगडजवळच्या ढाब्यावर उत्तम जॅक, पाना आणि चार मदतनीस मिळूनही चाक निघत नाही. ताबा घेतानाच ते मागून घ्यावे आणि एकदा लावून पाहावे. स्टेपनी असलीच तर ती अरुंद, तात्पुरती असते. तिच्यावर ताशी ८० किलोमीटरच्या वर जायचे नसते, शिवाय तिच्या जागी मूळ रुंद चाक मावत नाही, ते ठेवायला सामानातच जागा करावी लागते. स्टेपनीऐवजी पंक्चर बुजवणाऱ्या द्रवाची बाटली दिलेली असेल तर तिची मुदत बघावी. बाटली मूळ गाडीबरोबरची असेल तर मुदत केव्हाच संपलेली असते.

इंजिन ऑइल आधी कधीही बदललेले असो, ते पुन्हा बदलायचे. बॉक्स्टरला साधारण आठ लिटर लागते, त्यामुळे नेहमीच्या तीन-चार लिटरच्या हिशेबाने गेलेला माणूस बिल पाहून चमकतो. पण या खर्चात ऑइल फिल्टर उघडून बघण्याची संधी मिळते. २००८ पर्यंतच्या बॉक्स्टरच्या इंजिनात मधल्या शाफ्टला आधार देणारे एक बेअरिंग असते. ते निकामी झाले तर अख्खे इंजिन जाते, आणि २००९ च्या मॉडेलपासून कंपनीने इंजिनाची रचना बदलून तो शाफ्टच काढून टाकला. बेअरिंग झिजू लागले की फिल्टरच्या घड्यांत धातूची चमक दिसते. हा फिल्टर मालकाच्या समोर उघडायला सांगावा. काळे पण कण नसलेले ऑइल असेल तर पुढची तयारी करावी. चमचमते कण दिसले तर व्यवहाराचाच फेरविचार करावा. या इंजिनांची थोडे ऑइल पिण्याची सवय कंपनीही मान्य करते, तेव्हा त्याच दर्जाचा एक-दोन लिटरचा डबा डिकीत हवाच. नंतरच्या मॉडेलांत ऑइल मोजायची पट्टी नाही, पातळी डॅशबोर्डच्या पडद्यावर बघावी लागते. ती कशी बघायची हे निघण्याआधी शिकून घ्यावे.

उन्हाळ्यात सर्वात मोठी परीक्षा कूलिंगची होते. बॉक्स्टरचे इंजिन मागे आणि रेडिएटर पुढच्या बंपरच्या डाव्या-उजव्या कोपऱ्यांत असतात. कूलंट लांब नळ्यांतून गाडीखालून ये-जा करते. बंपरच्या तोंडातून आत शिरलेली वाळकी पाने, प्लास्टिकच्या पिशव्या आणि धूळ रेडिएटर व एसीच्या कंडेन्सरच्या मध्ये साचते. बाहेरून काहीच दिसत नाही, पण बंपर काढला की मूठ-मूठ कचरा निघतो. हे काम दोन-तीन तासांचे आहे आणि दुसऱ्या कुठल्याही दुरुस्तीपेक्षा त्याचा परतावा मोठा आहे. कूलंटची प्लास्टिकची टाकी मागच्या डिकीत असते आणि वयानुसार तिला तडे जातात. डिकीतला गालिचा ओला लागला किंवा गोडसर वास आला तर टाकी बदलावी. वॉटर पंपचा बदल कधी झाला याची नोंद सर्व्हिस बुकात नसेल तर तोही पाहून घ्यावा. या मार्गाचा एक खोडसाळपणा असा की बराचसा सपाट प्रवास आधी आणि बोरघाटाची चढण अगदी शेवटी येते. गाडी आणि चालक दोघेही थकलेले असताना, ट्रकच्या मागे रांगेत, एसी चालू ठेवून ती चढायची असते. कूलिंगमधली जी उणीव जयपूरपर्यंत लपून राहिली ती खोपोलीनंतर उघडी पडते.

ब्रेक ऑइलचे गणित सोपे आहे. डॉट-४ दर्जाच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. हवेतले पाणी शोषून घेतल्यावर तोच १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो. उकळलेल्या ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात, पाय दाबला की पेडल खोल जाते आणि गाडी थांबत नाही. दर दोन वर्षांनी ते बदलायचे असते आणि न चालवलेल्या गाडीत नेमके हेच राहून गेलेले असते. पॅड आणि डिस्कवरचा गंज त्याच वेळी तपासला जातो.

पेट्रोलच्या बाबतीत जुन्या गाडीवर काळ थोडा उलटला आहे. जास्तीत जास्त १० टक्के इथेनॉल गृहीत धरून बनवलेल्या गाडीला आता बहुतेक पंपांवर २० टक्के मिश्रणाचे पेट्रोल मिळते. जुने रबरी होज आणि सील त्याने लवकर खराब होऊ शकतात. टाकीत वर्षभर पडून असलेले पेट्रोल काढून टाकावे, इंधनाच्या नळ्या पाहाव्यात. शिवाय बॉक्स्टर ९५ ते ९८ ऑक्टेनच्या पेट्रोलवर चालायला बनली आहे. म्हणून ९५ किंवा निवडक पंपांवरचे १०० ऑक्टेन पेट्रोल घ्यावे आणि टाकी अर्ध्यावर आली की भरून घ्यावी.

कापडी टपाच्या गाड्यांत पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. त्या पानांनी तुंबल्या तर पाणी आसनाखाली जमते, आणि बॉक्स्टरच्या काही मॉडेलांत नेमके तिथेच लॉक व इमोबिलायझरचे नियंत्रण करणारे यंत्र असते. ते भिजले की किल्ली असूनही गाडी सुरू होत नाही. बॅटरीचीही गंमत आहे. ती पुढच्या डिकीत, आणि त्या डिकीचे झाकण बऱ्याच मॉडेलांत बॅटरीवरच उघडते! बॅटरी उतरली तर फ्यूज बॉक्समधल्या एका टोकाला बाहेरून वीज देऊन झाकण उघडावे लागते. जुनी बॅटरी सरळ बदलणे सर्वात स्वस्त.

कागदपत्रांत दिरंगाई परवडत नाही. सरकारी ‘वाहन’ संकेतस्थळावर नोंदणी, कर्जाचा बोजा, विमा आणि थकीत चलने तपासावीत. चासी क्रमांक गाडीवरचा आणि आरसीवरचा एकच हवा. नमुना २८ मधील ना-हरकत प्रमाणपत्र, नमुना २९ आणि ३० वर विक्रेत्याच्या सह्या, आणि कर्ज असल्यास बँकेच्या सहीचा नमुना ३५ एवढे हातात आल्याखेरीज पूर्ण पैसे देऊ नयेत. परदेशातून थेट आलेल्या गाडीची आयात आणि जकातीची कागदे स्वतंत्रपणे मागावीत. दूतावासातल्या अधिकाऱ्यांना जकातमाफीने गाडी आणता येते, ती जकात न भरता विकलेली निघाली तर गाडी जप्त होऊ शकते. तृतीय पक्षाचा विमा कायद्याने गाडीसोबत जातो, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीची भरपाई पॉलिसीवर नव्या मालकाचे नाव लागल्याशिवाय मिळेलच असे नाही, त्यामुळे निघण्याआधी विमा नावावर करून घेणे हाच शहाणपणा. पीयूसी चालू हवे. विक्रेत्याचा फास्टॅग बंद करून नवा लावावा.

सगळे झाल्यावर लगेच निघायचे नाही. दिल्लीजवळच ८०-१०० किलोमीटरची फेरी मारून गाडी त्याच गॅरेजच्या लिफ्टवर पुन्हा चढवावी. गळती, सैल क्लिप, घासणारा टायर हे सगळे गरम झालेल्या गाडीतच दिसते. चाकांचे बोल्टही तेव्हा पुन्हा ठरलेल्या टॉर्कने आवळावेत. पहिला मुक्काम जयपूर, साधारण पावणेतीनशे किलोमीटर, एवढाच ठेवावा. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनात ऑइल आणि कूलंटची पातळी पाहूनच उदयपूरकडे निघावे. रात्री चालवणे टाळावे. या गाडीत चालक जमिनीपासून इतका खाली बसतो की समोरच्या वाहनाचे दिवे सरळ डोळ्यांत जातात आणि न रंगवलेला गतिरोधक दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. चौपदरी राष्ट्रीय महामार्गावर कारला ताशी १०० आणि द्रुतगती मार्गावर १२० ही केंद्राने ठरवलेली कमाल मर्यादा आहे; नव्या हाताच्या जुन्या गाडीला ताशी ९० पुरेसे.

बिघाड झालाच तर टोचन लावून ओढू देऊ नये. पुढच्या बंपरमध्ये फिरवून बसवायचा हूक टूलकिटात आहे का ते आधीच बघावे, आणि सपाट तळाच्या रिकव्हरी ट्रकचाच आग्रह धरावा. फिल्टरमध्ये धातू, डिकीत कूलंट किंवा नवे टायर वेळेत न मिळणे, यांपैकी एकही गोष्ट दुरुस्त न होता राहिली असेल तर गाडी बंद कंटेनरने पाठवावी आणि आपण रेल्वेने यावे. कंटेनरचे भाडे इंजिनच्या दुरुस्तीपुढे किरकोळ असते.