कॅसेटमधील भीमगीते : जशीच्या तशी कशी जपाल?

एप्रिल उजाडला की वस्तीवस्तीतून भीमगीते घुमू लागतात. पूर्वी चौकात टेपरेकॉर्डर आणि कर्णा असे, आता मोबाईल आणि स्पीकर असतो. गाणी पुष्कळदा तीच असतात, पण कानाला काहीतरी खटकते. हलगी कडाडत नाही, नुसती थपथप वाजते. तुणतुण्याची तार कुठे गेली ते कळत नाही. टाळ्या पडतात त्या पावसासारख्या सरसरतात. जुने रेकॉर्डिंगच तसे असेल, असे म्हणून आपण गप्प बसतो. पुष्कळदा दोष जुन्या रेकॉर्डिंगचा नसतो. गाणे कॅसेटमधून संगणकात उतरवताना आपण जी काटछाट केली, तिचा तो परिणाम असतो. ही चूक आमच्या हातून झाली आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

सन २००८ मधील गोष्ट. वडिलांनी जमवलेल्या साठ मिनिटांच्या २४ कॅसेट घरात होत्या. काही विकतच्या, काही त्यांनी जयंतीच्या कार्यक्रमांत स्वतः रेकॉर्ड केलेल्या. टेप बिघडला होता आणि दुरुस्त करणारा मिळेना. एका दुकानदाराने सांगितले, "सगळं एका सीडीत बसवून देतो." आम्हाला ते मोठे नवल वाटले. चोवीस तासांची गाणी एका चकतीत! सीडी घरी आली, वाजली, आणि कॅसेटचे खोके आम्ही भंगारवाल्याला दिले. वाणिज्य शाखेचे पदवीधर असूनही एक साधा हिशेब तेव्हा आम्ही मांडला नाही. चोवीस तास ७०० एमबीत बसवले, तर एका तासाच्या वाट्याला २९ एमबी येतात. तेवढाच आवाज सीडीच्या दर्जाने ठेवायचा तर तासाला ६३५ एमबी लागतात. मग उरलेले गेले कुठे?

हे गाणे म्हणजे केवळ करमणूक नव्हे, हे या साप्ताहिकाच्या वाचकांस सांगायला नको. ज्यांच्या हाती वर्तमानपत्र नव्हते आणि असले तरी वाचता येत नव्हते, त्यांच्यापर्यंत बाबासाहेबांचा विचार आंबेडकरी जलशांनी आणि गायनपार्ट्यांनी नेला. वामनदादा कर्डकांनी हजारो गीते रचली. विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे यांचे आवाज घराघरांत पोचले. वामनदादा आणि प्रल्हाददादा दोघेही २००४ साली गेले, उमपदादा २०१० साली गेले. त्यांची व्यावसायिक ध्वनिमुद्रणे कंपन्यांकडे आहेत. पण गल्लीतल्या मंडपात, वर्षावासात, नामकरणात, लग्नाच्या आदल्या रात्री जे गायले गेले, त्याची प्रत कोणत्याही कंपनीकडे नाही. ती असलीच तर कुणाच्या तरी ट्रंकेत आहे.

आपल्या कोल्हापूरला कलापूर म्हणतात. शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना येथे दरबारी आश्रय दिला. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची भैरवी १९७७ साली सुटलेल्या व्हॉयेजर यानावरच्या तबकडीत आहे, ती आज सूर्यमालेतील सर्व ग्रहांच्याही पलीकडे पोचली आहे. याचा आम्हास अभिमान आहे. पण त्याच शहरातील आमच्या गल्लीचा आवाज साध्या फळीवरही शाबूत नाही, हेही खरे. खुद्द बाबासाहेबांचा आवाज आज आपण ऐकतो, त्याचे कारण १९५५ साली त्यांनी बीबीसीला दिलेली मुलाखत कुणीतरी नीट जपून ठेवली.

आता आवाज संगणकात कसा साठतो ते पाहू. आवाजाची लाट दर सेकंदाला हजारो वेळा मोजून तिचे आकडे लिहून ठेवतात. सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० वेळा मोजणी होते. प्रत्येक आकडा १६ बिटांचा असतो आणि डाव्या-उजव्या बाजूचे आकडे वेगळे असतात. म्हणजे मिनिटाला सुमारे १० एमबीची वही भरते. ही वही लहान करण्याचे मार्ग दोन.

पहिला मार्ग एमपी थ्रीचा. जर्मनीतील फ्राउनहोफर या संशोधन संस्थेचा तो घडवण्यात मोठा वाटा होता. माणसाच्या कानाचा यात बारकाईने विचार केलेला आहे. ढोलकी जोरात वाजत असता तिच्या मागचा बारीक आवाज कानाला जाणवत नाही, मग तो पुरता कशाला लिहायचा, असे हे गणित आहे. भरपूर जागा दिली तर ही काटछाट सहसा कळतही नाही, आणि प्रवासात ऐकायला तेवढे पुरते. एमपी थ्रीला शिव्या देण्याचे कारण नाही. पण जागा कमी दिली की कात्री खोल जाते. आमच्या सीडीवर सेकंदाला जेमतेम ६४ किलोबिट दिले होते, सीडीच्या दर्जाला १,४११ लागतात. मागच्या रांगेतला आवाज अनावश्यक ठरवून आधी त्याच्यावरच कात्री चालवायची, हा न्याय आपल्या समाजाला नवा नाही, असो.

दुसरा मार्ग काहीही न गमावता दाबण्याचा. हे जादूचे वाटते, पण आपण ते रोज पाहतो. गीतांच्या पुस्तिकेत धृपद एकदाच छापतात आणि प्रत्येक कडव्याखाली नुसते 'धृ' लिहितात. कागद वाचतो, पण गाताना एक अक्षरही कमी पडत नाही. पाली ग्रंथांत तोच परिच्छेद पुन्हा येतो तेथे 'पे' एवढेच छापलेले असते. वाचणाऱ्याने मागचा मजकूर तेथे पूर्ण म्हणायचा. त्रिपिटक शतकानुशतके भिक्खूंच्या मुखपाठातून टिकले आणि इसवी सनपूर्व पहिल्या शतकात, दुष्काळ व युद्धाच्या संकटात, श्रीलंकेत ते ग्रंथारूढ झाले, अशी परंपरा आहे. म्हणणारेच उरले नाहीत तर काय, ही धास्ती त्यामागे होती. ट्रंकेतल्या कॅसेटकडे पाहून आम्हालाही तीच धास्ती वाटते.

आवाजासाठी असे दाबणारी जी पद्धत सर्वांना मोफत खुली आहे, तिचे नाव फ्लॅक. जोश कोल्सन या प्रोग्रामरने ती २००१ साली आणली आणि डिसेंबर २०२४ मध्ये इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या मंडळाने ती रीतसर प्रमाण म्हणून प्रसिद्ध केली. तिचे काम विजेच्या मीटरसारखे समजा. मागचे रीडिंग ४,५१२ आणि आताचे ४,५९८ असेल तर ८६ एवढेच लिहिले तरी चालते, मूळ आकडा केव्हाही काढता येतो. फ्लॅक मागच्या काही आकड्यांवरून पुढचा आकडा काय येईल याचा अंदाज बांधते आणि अंदाज जेवढा चुकला तेवढाच फरक लिहिते. फरक लहान, म्हणून जागा कमी. ऐकताना सगळे आकडे पुन्हा जसेच्या तसे उभे राहतात. साधारणपणे फाइल मूळच्या निम्म्या ते दोन तृतीयांश आकाराची होते. कॅसेटमध्ये जी सतत 'स्स्स' अशी खरखर असते तिचा अंदाज बांधता येत नाही, त्यामुळे कॅसेटची गाणी थोडी कमीच दबतात. शिवाय फ्लॅक आपल्या पोटात मूळ आकड्यांचा एक ताळा नोंदवून ठेवते. फाइल पुढे कधी खराब झाली तर ताळा जुळत नाही आणि आपल्याला कळते. आम्हा कारकुनांना ही गोष्ट विशेष आवडली.

येथे एक इशारा. आमच्या गल्लीतल्या एका उत्साही तरुणाने जुन्या एमपी थ्री फायली फ्लॅकमध्ये बदलून घेतल्या आणि "आता ओरिजिनल क्वालिटी झाली" म्हणून सर्वांना वाटल्या. फाइल मोठी झाली, गाणे होते तेवढेच राहिले. एकदा फेकलेले परत येत नाही. फ्लॅक करायचे ते थेट कॅसेटवरून.

हे आम्हाला पटले ते शिरोळ तालुक्यातल्या आत्यांमुळे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात त्यांना घर सोडावे लागले, तेव्हा ट्रंक माळ्यावर टाकून त्या निघाल्या. पाणी ओसरल्यावर ट्रंक कोरडी सापडली. तीत वडिलांनी १९९३ च्या जयंतीला रेकॉर्ड केलेल्या कॅसेटची एक प्रत होती, त्याच आठवड्यात टेपवरून टेपवर उतरवून दिलेली. मूळ कॅसेट आम्ही भंगारात घातली होती. प्रत उतरवताना खरखर वाढली होती, टेपवरून टेपवर ती वाढतेच. पण ती लावली आणि तिसऱ्या गाण्याच्या धृपदाला आत्या ताठ बसल्या. "आरं, ही तुझ्या आज्जीची झील न्हवं का?" ढोलकीच्या मागे, माईकपासून लांब, एक बाई पल्ला ओढून धृपद धरत होती. आमच्या सीडीवर त्याच जागी नुसता गलका ऐकू येतो. कोण गाते ते ओळखणे अशक्य. आजी १९९६ साली गेली. तिच्या आवाजाचे दुसरे काही आमच्याकडे नाही.

ज्यांच्याकडे कॅसेट आहेत त्यांनी काय करावे ते आता सांगतो. कॅसेट लगेच वाजवू नये. फीत सैल असेल तर आमच्या पिढीला ठाऊक असलेली षट्कोनी पेन्सिल चक्रात घालून आवळावी. मग एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळावी, म्हणजे चिकटलेले पदर सुटतात. बुरशी दिसली तर ती कॅसेट बाजूला ठेवावी आणि जाणकाराला दाखवावी, नाहीतर बुरशी टेपच्या हेडला लागून पुढच्या कॅसेटवर जाते. आपल्याकडच्या पावसाळ्यात हे हमखास घडते. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाने पुसावे. टेप शक्यतो चांगल्या डेकचा घ्यावा. जुन्या बाजारात मिळतो. डेकच्या मागच्या लाइन आउटपासून वायर संगणकाच्या लाइन इनला जोडावी. माईकच्या भोकात घालू नये, आवाज फाटतो. ऑडॅसिटी नावाचे मोफत सॉफ्टवेअर घ्यावे. आवाजाचा काटा अगदी वर टेकू देऊ नये. जतनासाठी सेकंदाला निदान ४८,००० वेळा मोजणी आणि २४ बिट, असा आंतरराष्ट्रीय ध्वनिसंग्राहकांचा दंडक आहे. तासाला त्याचे सुमारे १ जीबी होते, फ्लॅक केल्यावर बरेच कमी. अशा ३०० कॅसेटही एक टीबीच्या डिस्कमध्ये आरामात मावतात.

मूळ फाइलमधली खरखर काढू नये. तो मोह सर्वांना होतो. खरखर काढताना टाळ्या आणि घुंगरूही खरवडून निघतात. साफसफाई करायची ती दुसऱ्या प्रतीवर. मोबाईलसाठी, मंडळाच्या स्पीकरसाठी त्याच फ्लॅकवरून एमपी थ्री खुशाल काढावी. व्हॉट्सअॅपवर मूळ फाइल द्यायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. विकतच्या कॅसेटची गाणी मात्र वाटू वा विकू नयेत. १९५७ च्या कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षे राहतो आणि त्या पैशावर कलावंतांच्या घरांचा हक्क आहे.

फाइलच्या नावात वर्ष, गाव, प्रसंग, गायक आणि कवी लिहावेत. 'साँग ०१' हे नाव नव्हे. ढोलकी कुणाची, कोरसमध्ये कोण, हे सांगणारी माणसे आज हयात आहेत तोवर त्यांना बसवून गाणे ऐकवावे आणि वहीत उतरवून घ्यावे. हे काम संगणक करणार नाही. कॅसेट उतरवायला जेवढा वेळ गेला त्याच्या तिप्पट आम्हाला या वहीला लागला, आणि सर्वांत जास्त आनंदही तिथेच मिळाला. एका गाण्यावरून दोन मावश्यांचे भांडण जुंपले, कवी कोण म्हणून. दोन्ही नावे लिहून ठेवली आहेत.

उतरवले म्हणजे जपले असे नव्हे. सीडी काही वर्षांत दगा देते, पेनड्राइव्ह हरवतो, हार्डडिस्क एक दिवस बंद पडते. संग्राहकांचा साधा नियम असा की प्रती तीन, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक प्रत दुसऱ्या गावी. पंचगंगेने ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली की काय होते हे २०१९ आणि २०२१ मध्ये आपण पाहिले. दोन डिस्क एकाच कपाटात ठेवल्या तर त्या एकाच पाण्यात जातात. आमची एक डिस्क घरी आहे, दुसरी पुण्याला चुलतभावाकडे. तिसरी प्रत इंटरनेटवरच्या भाड्याच्या जागेत आहे, तिचा हप्ता चुकला की ती गेली, म्हणून भरवसा पहिल्या दोहोंवर. दर वर्षी १४ ऑक्टोबरला दीक्षेच्या दिवशी पुण्याची डिस्क मागवून दोन्ही लावतो, सगळ्या फायलींचा ताळा तपासतो. गेल्या खेपेस एका फाइलचा जुळला नाही. पुण्याच्या प्रतीवरून ती पुन्हा उतरवून घेतली.

आत्यांना आम्ही तिसऱ्या गाण्याची फाइल त्यांच्या मोबाईलमध्ये घालून दिली. त्यांनी ती दोनदा ऐकली. मग म्हणाल्या, "ब्येस हाय. पर माझी कॅसेट कुठं हाय?" ती आम्ही त्यांना परत केली. ट्रंकेत आहे, आणि ट्रंक अजून माळ्यावरच आहे.