डोक्याची दुखापत : शुद्धीचे मोजमाप आणि रुग्णाची भाषा

डोक्याला मार लागलेल्या रुग्णाबद्दल पूर्वी 'गुंगीत आहे', 'अर्धवट शुद्धीत आहे' अशा नोंदी होत असत. प्रत्येक डॉक्टर त्यांचा अर्थ आपापल्या परीने लावी. ही अडचण दूर करण्यासाठी ग्लासगो येथील मेंदूशल्यचिकित्सक ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी १९७४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात एक मोजपट्टी मांडली. तीच 'ग्लासगो कोमा स्केल' होय.

या पद्धतीत तीन गोष्टी पाहिल्या जातात. डोळे उघडण्यास जास्तीत जास्त ४, बोलण्यास ५ आणि हातापायांच्या हालचालीस ६ गुण असतात. प्रतिसाद मुळीच नसला तरी प्रत्येकी १ गुण मिळतो. म्हणजे एकूण गुण ३ ते १५ यांच्या दरम्यान असतात. १३ ते १५ गुण असल्यास दुखापत सौम्य, ९ ते १२ असल्यास मध्यम आणि ८ किंवा त्याहून कमी असल्यास गंभीर समजली जाते. गंभीर रुग्णाला श्वासमार्ग मोकळा राखण्यासाठी बहुधा नळी घालावी लागते. प्राणवायू व रक्तदाब कमी पडल्यास जखमी मेंदूची आणखी हानी होते, म्हणून तेही सांभाळावे लागतात.

एकदा काढलेल्या गुणांवर मात्र विसंबता येत नाही. कवटी व मेंदूचे आवरण यांच्यामध्ये रक्तस्राव झाल्यास नीट बोलणारा रुग्ण काही तासांतच बेशुद्ध होऊ शकतो. म्हणून गुण पुनःपुन्हा मोजतात, बाहुल्या तपासतात आणि गरजेप्रमाणे सीटी स्कॅन करतात.

येथे भाषेचा प्रश्न निर्माण होतो. "नाव काय? आपण कुठे आहात? महिना कोणता?" हे प्रश्न रुग्णाला न कळणाऱ्या भाषेत विचारल्यास शुद्धीवरचा माणूसही गोंधळलेला ठरतो. "हात उचला" ही सूचना न समजल्यास हालचालीचेही गुण घटतात. उलटपक्षी, 'भाषा कळत नसेल' असे मानून खरा गोंधळ दुर्लक्षिला गेल्यास जिवावर बेतू शकते. मराठी, कन्नड व उर्दू शेजारी नांदणाऱ्या बेळगावसारख्या भागात ही शक्यता लक्षात घ्यावयास हवी. रुग्णाची भाषा जाणणाऱ्याकडून प्रश्न विचारवून घेणे आणि ती भाषा कागदावर नोंदविणे, एवढ्याने पुष्कळ काम होते.

घरी पाठविलेल्या रुग्णास वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, झटके, हातापायांत अशक्तपणा किंवा न उतरणारी गुंगी जाणवल्यास त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे. तो शेवटचा नीट केव्हा आणि कोणत्या भाषेत बोलला, हे नातेवाइकांनी डॉक्टरांना आवर्जून सांगावे.