दीक्षाभूमीवर जाताना आजीला सोबत न्या

अशोक विजयादशमी जवळ आली की नागपूरच्या रेल्वे स्टेशनवर पांढऱ्या साड्यांची आणि पांढऱ्या सदऱ्यांची गर्दी उतरू लागते. कुणी नांदेडहून, कुणी औरंगाबादकडून, कुणी थेट उत्तर प्रदेशातून येतो. काखेत भाकरीचे गाठोडे, हातात लेकराचा हात आणि ओठावर ‘जय भीम’. वर्षभर चार-चार पैसे बाजूला टाकून ही माणसे येतात.

आम्ही धंतोलीत राहणारे. रहाटे कॉलनीच्या चौकातून वळले की दीक्षाभूमी आम्हाला पायी अर्ध्या तासाची वाट. पण जवळ राहणाऱ्यांचे होते तेच आमचे झाले. दूरची माणसे रात्रभर उभ्याने प्रवास करून येतात आणि आम्ही ‘संध्याकाळी जाऊन येऊ’ म्हणतो. गर्दीत ढकलले जात स्तूपाला वंदन करायचे, मुलांना फुगा आणि आईस्क्रीम घेऊन द्यायचे, स्टॉलवरून एक कॅलेंडर घ्यायचे आणि घरी परतायचे. कित्येक वर्षे आमचा धम्मचक्र प्रवर्तन दिन असाच गेला.

काही वर्षांपूर्वी असेच परतताना माझ्या मुलाने विचारले, “आई, बाबासाहेबांनी दीक्षेसाठी नागपूरच काहून निवडलं?” तो तेव्हा नऊ वर्षांचा होता. मी दहावी शिकलेली, घरात बाबासाहेबांचा फोटो, रोज त्रिशरण-पंचशील म्हणणारी. पण मला नीट उत्तर देता आले नाही. “घरी गेल्यावर सांगते,” म्हणून मी वेळ मारून नेली.

घरी सासूबाई खाटेवर बसल्या होत्या. गुडघे दुखतात म्हणून त्यांना आम्ही गर्दीत नेत नसू. नातवाने तोच प्रश्न त्यांना विचारला. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “बाबू, आमी होतो ना तिथं. तुमी मले कधी इचारलंच नाही.”

लग्न होऊन मला तेव्हा बारा वर्षे झाली होती. बारा वर्षे मी त्यांच्या हातची भाकर खाल्ली, पण १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्या मैदानावर होत्या हे मला ठाऊक नव्हते!

जे सासूबाईंनी सांगितले

त्या तेव्हा दहा वर्षांच्या होत्या. भंडारा जिल्ह्यातल्या गावातून आईवडिलांसोबत आल्या होत्या. थोडी वाट पायी, थोडी रेल्वेने. ज्वारीच्या भाकरी आणि मिरचीचा ठेचा फडक्यात बांधून आणला होता. आईजवळ पांढरे लुगडे नव्हते. शेजारणीने एक दिवसासाठी दिले. रात्री मैदानावरच झोपल्या. सकाळी इतकी माणसे जमली की लहान मुलीला फक्त पाठी दिसत होत्या. वडिलांनी खांद्यावर घेतले, तरी बाबासाहेब दूरवर एका पांढऱ्या ठिपक्याएवढेच दिसले. पण भोंग्यातून आवाज आला, आणि सगळी माणसे उभी राहून एका सुरात प्रतिज्ञा म्हणू लागली. “माय रडत होती, आन् हासतबी होती,” त्या म्हणाल्या.

गावी परतल्यावर आईने देव्हाऱ्यातले देव एका फडक्यात बांधले आणि नदीवर नेऊन सोडले. हात थरथरत होते. त्या रात्री आईला झोप लागली नाही. लेकरांना काही होईल का, घरावर कोप होईल का, या भीतीने ती उठून उठून मुलांच्या कपाळावर हात ठेवून पाही. सकाळ झाली. सगळी लेकरे धडधाकट उठली आणि भाकर मागू लागली. “कायबी झालं नोतं. त्या दिवसापासून माय कोणालेच भ्यायली नाही.”

वाचकहो, बावीस प्रतिज्ञांचा अर्थ मी पुस्तकात अनेकदा वाचला होता. तो खरा कळला त्या संध्याकाळी, त्या खाटेपाशी. दुसऱ्या वर्षी आम्ही सासूबाईंना रिक्षाने दीक्षाभूमीवर नेले. त्यांनी काठी टेकत एका जागी उभे राहून सांगितले, “आमी इकडंच कुठंतरी बसलो होतो.” माझ्या मुलाने खाली वाकून तिथल्या मातीला हात लावला. फुगा त्याने त्या वर्षी मागितला नाही.

मुलांना काय दाखवावे?

दीक्षाभूमी नुसती पाहून येऊ नये, ती मुलांना समजावून सांगावी. १९५६ साली येथे स्तूप नव्हता. वॅक्सिन इन्स्टिट्यूटजवळचे ते मोकळे मैदान होते. भारतीय बौद्धजन समितीच्या नागपूर शाखेचे चिटणीस वामनराव गोडबोले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी समारंभाची तयारी केली. बाबासाहेब ११ ऑक्टोबरला माईसाहेबांसह नागपुरास आले आणि सीताबर्डीवरील श्याम हॉटेलात उतरले. म्हणजे धंतोलीपासून हाकेच्या अंतरावर! १४ तारखेस कुशिनाराचे महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून बाबासाहेब व माईसाहेब यांनी धम्मदीक्षा घेतली आणि मग स्वतः बाबासाहेबांनी लाखोंच्या समुदायाला त्रिशरण, पंचशील व बावीस प्रतिज्ञा दिल्या.

नागपूरच का, याचे उत्तर बाबासाहेबांनीच दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबरच्या भाषणात दिले आहे. या भागात नाग लोकांची वस्ती होती आणि बुद्धाच्या धम्माचा प्रसार भारतभर करणारे हेच नाग लोक होते, असे त्यांनी सांगितले. कुणाला डिवचण्यासाठी हे शहर निवडलेले नाही, हेही त्यांनी स्पष्ट केले. माझ्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर असे छापील भाषणात होतेच. ते प्रत्येक घरी असावे.

स्तूपाचे काम १९७८ साली सुरू झाले. वास्तुशिल्पी शिवदान मल यांनी सांचीच्या स्तूपावरून त्याची कल्पना घेतली. मात्र सांचीचा स्तूप आतून भरीव आहे, आपला पोकळ आहे. त्यामुळे आत जाऊन बसता येते, तथागतांच्या मूर्तीसमोर वंदना घेता येते, बाबासाहेबांच्या अस्थींचे दर्शन घेता येते. उंची १२० फूट आणि व्यासही तेवढाच. १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. ज्या समाजाला मंदिराच्या पायरीवर उभे राहू दिले जात नव्हते, त्या समाजाच्या वास्तूचे उद्घाटन त्याच समाजव्यवस्थेचे चटके सोसून राष्ट्रपतिपदी पोहोचलेल्या माणसाने केले, हे मुलांना आवर्जून सांगावे.

आवारातला बोधिवृक्ष दाखवताना थोडे थांबावे. सम्राट अशोकाची कन्या संघमित्रा हिने बोधिवृक्षाची फांदी श्रीलंकेस नेली, ती अनुराधपूरला रुजली. त्या वृक्षाची रोपे भदंत आनंद कौसल्यायन यांनी नागपुरात आणली आणि १९६८ साली ती दीक्षाभूमीवर लावली गेली. जे झाड एका मुलीने समुद्रापार नेले, ते सुमारे बावीसशे वर्षांनी आपल्या दारी परत आले. मुलींना ही गोष्ट फार आवडते.

शहरातील आणखी ठिकाणे

दसऱ्यानंतर पाचव्या दिवशी आश्विन पौर्णिमा येते. वर्षावास संपतो, विहाराविहारांतून चीवरदानाचे कार्यक्रम होतात. पुढे दिवाळीच्या सुट्या लागतात. या दिवसांत एकेक रविवार ठरवून कुटुंबाने बाहेर पडावे.

आता मेट्रोमुळे सोय झाली आहे. धंतोलीलगतच्या काँग्रेसनगर स्थानकावरून बसले की सीताबर्डीवरून गाडी इंदोऱ्याला नेते. तेथील बुद्धविहार पाहावा. त्याच मार्गाने ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत जाऊन पुढे बस वा ऑटो केला, तर कामठी मार्गावर नागलोक लागते. तेथील चालत्या बुद्धांची भव्य मूर्ती पाहून मुले विचारतील, “हे बसलेले का नाहीत?” सांगावे की तथागत पंचेचाळीस वर्षे पायी फिरले, बसून राहिले नाहीत. आणखी पुढे कामठीला ड्रॅगन पॅलेस आहे. जपानच्या नोरिको ओगावा यांच्या साहाय्याने १९९९ साली उभ्या राहिलेल्या या विहारात चंदनाच्या लाकडातील बुद्धमूर्ती आहे आणि विलक्षण शांतता आहे.

पण माझ्या मते सर्वांत आधी पाहावे ते काटोल मार्गावर फेटरीजवळचे चिचोलीचे शांतिवन. बाबासाहेबांच्या वापरातील कपडे, टंकलेखन यंत्र अशा कितीतरी वस्तू तेथे आहेत. वामनराव गोडबोले यांनी त्या जपल्या. ती जमीन गोपिकाबाई ठाकरे या बाईंनी दान दिली. ज्या माणसाने देशाच्या राज्यघटनेला आकार दिला, त्याचा साधा कोट पाहताना माझ्या सासूबाई काचेपाशी बराच वेळ उभ्या होत्या. “तवा लय दूर होते,” एवढेच म्हणाल्या.

ज्या जागेवर पाटी नाही

काही इतिहास असा आहे की त्याचा स्तूप नाही. १९२२ साली जाईबाई चौधरी यांनी नागपुरात संत चोखामेळा कन्या शाळा काढली. ही बाई लहानपणी रेल्वे स्टेशनवर हमाली करीत असे. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या मोहन पार्कवर अखिल भारतीय परिषद भरली, तेथेच शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली. त्याच मंडपात २० जुलैला महिलांची परिषद अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली झाली. घटस्फोटाचा हक्क हवा, बहुपत्नीत्व बंद व्हावे, गिरणीतल्या स्त्रीकामगारांना रजा व अपघाताची भरपाई मिळावी, असे ठराव आपल्या आयाबहिणींनी त्या काळात केले! समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजावी, असे बाबासाहेबांनी तेथे सांगितले.

माझी माहेरची आजी बिडी वळत असे. ती तरुणपणी त्या परिषदेला गेली होती, असे मामा सांगतात. काय पाहिले, काय ऐकले, कोणासोबत गेली, हे मी तिला कधी विचारले नाही. ती गेली, आणि तिच्यासोबत ते सगळे गेले. मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार यांनी गावोगावी जाऊन अशा बायांना भेटून ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक लिहिले नसते, तर बाकीच्याही अशाच विसरल्या गेल्या असत्या. माझ्या आजीचे नाव मात्र कुठल्याही पुस्तकात नाही. ती चूक माझी.

वहीत लिहून ठेवा

१९५६ साली दहा वर्षांच्या असलेल्या मुली आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांना पुढच्या वर्षावर टाकू नका. मुलांच्या हाती एक शंभर पानी वही द्या आणि आजी-आजोबांना हे विचारायला सांगा:

१. दीक्षेला कोण कोण गेले होते? कसे गेले? बरोबर खायला काय नेले होते?

२. परतल्यावर घरातल्या देवांचे काय केले? भीती वाटली का?

३. गावातले इतर लोक काय म्हणाले? विहिरीवर, मजुरीवर काही त्रास झाला का?

४. आपल्या घरात सर्वांत आधी शाळेत कोण गेले?

५. पहिली बुद्ध जयंती, पहिले बौद्ध पद्धतीचे लग्न कसे झाले?

आजी जशी बोलते तसेच लिहावे, शुद्ध करू नये. खाली तारीख घालावी.

जाताना लक्षात ठेवा

विजयादशमीच्या दिवशी म्हाताऱ्या माणसांना गर्दीत नेणे कठीण असते. त्यांना सकाळी लवकर न्यावे. १४ ऑक्टोबर ही तारीख दसऱ्यापासून वेगळी आली, तर त्या दिवशी पुन्हा जावे. लहान मुलाच्या खिशात नाव आणि फोन नंबरची चिठ्ठी ठेवावी. पाण्याची बाटली घरून न्यावी. भोजनदानाची पत्रावळ कचऱ्याच्या डब्यातच टाकावी, कारण ती भूमी आपल्या घराच्या अंगणासारखी आहे. आणि प्रत्येक मुलासाठी एक पुस्तक घ्यावे. खेळणे आठ दिवसांत तुटते, पुस्तक नातवापर्यंत पुरते.

जवळ राहणाऱ्यांनी आणखी एक करावे. दुरून आलेल्या एखाद्या कुटुंबाला आपल्या घरी चहा-पाण्याला बोलवावे. गेल्या खेपेस आमच्याकडे परभणीकडची एक म्हातारी टेकली होती. तिच्या आणि माझ्या सासूबाईंच्या गोष्टी रात्री बारापर्यंत चालल्या. माझा मुलगा, आता मिसरूड फुटलेला, वही घेऊन दोघींच्या मध्ये बसला होता. त्या वहीची चाळीस पाने भरली आहेत.

तुमच्या घरची वही यंदाच सुरू करा. जय भीम! नमो बुद्धाय!