मणका सरकला, बसवून घ्या?

वाकून बादली उचलली, कंबरेत उसण भरली, माणूस जागीच थिजला. पुढचं वाक्य घरातलं कुणीतरी ठरल्यासारखं बोलतं: "मणका सरकलाय. कुणाकडून तरी बसवून घ्या." पूर्वी त्यासाठी गावातला पायाळू माणूस शोधायचे आणि त्याचा पाय कंबरेला लावून घ्यायचे. आता मोबाइलवर कायरोप्रॅक्टरचे व्हिडिओ फिरतात. मानेला झटका, 'कट्ट' असा आवाज, आणि पेशंटच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव. समज मात्र तोच, की हाड जागचं हललं होतं आणि कुणीतरी ते परत बसवलं.

मणका असा सरकत नाही. दोन मणक्यांच्या मध्ये चिवट डिस्क असते, मागे दोन छोटे सांधे, पुढेमागे घट्ट अस्थिबंध आणि भोवती स्नायूंचे जाड थर. बादली उचलून किंवा शिंक येऊन हे सगळं निखळत नाही. त्यासाठी मोठा अपघात व्हावा लागतो किंवा उंचावरून पडावं लागतं. काहींचा मणका खालच्या मणक्यावर थोडा पुढे आलेला असतो हे खरं, त्याला स्पॉन्डिलोलिस्थेसिस म्हणतात. तो एक्स-रेत दिसतो आणि कुणाच्याही हाताने मागे ढकलला जात नाही. स्लिप डिस्कमध्येही डिस्क जागा सोडून जात नाही. तिच्या आतला मऊ गर फुगून किंवा बाहेर येऊन नस दाबतो. बऱ्याच रुग्णांमध्ये हा गर काही महिन्यांत आपोआप आक्रसतो.

व्हिडिओंतली मणके 'जागेवर आणण्याची' पद्धत अमेरिकेतली. आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट गावात 1895 मध्ये डी. डी. पामर यांनी कायरोप्रॅक्टिक सुरू केलं. ते आधी चुंबकीय उपचार करायचे. बहुतेक सगळ्या आजारांचं मूळ जागा सोडलेल्या मणक्यांत आहे, असं त्यांचं म्हणणं होतं आणि त्यांचा पहिला गाजलेला रुग्ण बहिरेपणाचा होता. या सिद्धांताला पुरावा मिळालेला नाही. आज अनेक कायरोप्रॅक्टरही तो मानत नाहीत. तरीही आपल्याकडे लोक तोच धरून बसले आहेत, याचा राग येतो.

मग तो 'कट्ट' आवाज कसला? बोटं मोडताना येतो तोच. सांध्यातल्या द्रवात ताण पडला की वायूची पोकळी तयार होते. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी 2015 मध्ये बोटाचा सांधा एमआरआयखाली मोडून हे प्रत्यक्ष टिपलं. आवाज आला म्हणजे हाड बसलं, असं नाही. आवाजाच्या आधी आणि नंतर हाड तिथेच असतं.

आराम मात्र खोटा नाही, हेही सांगायला हवं. हाताच्या उपचाराने आखडलेले स्नायू सैलावतात, दुखणं काही काळ कमी जाणवतं आणि माणूस हलायला धजावतो. 2017 मध्ये 'जामा' नियतकालिकात आलेल्या आढाव्यात नव्याने सुरू झालेल्या कंबरदुखीत सहा आठवड्यांपर्यंत माफक फायदा दिसला. जागतिक आरोग्य संघटनेच्या डिसेंबर 2023 च्या मार्गदर्शक सूचनांत, जुन्या कंबरदुखीसाठी व्यायामाबरोबर या उपचारालाही जागा आहे. तेव्हा प्रशिक्षित माणसाकडे जरूर जा. पण 'दर आठवड्याला या, नाहीतर पुन्हा सरकेल' असं कुणी म्हणालं, तर तिथून उठा. आणि मानेला झटका घेऊ नका, सलूनमध्ये चंपीनंतर तर मुळीच नको. मानेतली रक्तवाहिनी फाटून अर्धांगवायू होणं दुर्मीळ आहे, पण तशा घटनांची नोंद आहे.

या समजाचं खरं नुकसान वेगळंच आहे. आपली पाठ कधीही निखळेल, असं एकदा डोक्यात बसलं की माणूस वाकणं सोडतो, चालणं सोडतो आणि अंथरूण धरतो. हेलसिंकी शहराच्या कर्मचाऱ्यांवरचा अभ्यास 1995 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आला. कंबर धरलेल्या लोकांपैकी काहींना दोन दिवस झोपून राहायला सांगितलं, काहींना पाठीचे व्यायाम दिले, उरलेल्यांना दुखणं झेपेल तेवढी रोजची कामं चालू ठेवायला सांगितली. रोजची कामं करणारे सगळ्यांत लवकर बरे झाले, झोपून राहिलेले सगळ्यांत उशिरा.

म्हणून उसण भरली तरी उठा. पाठीवरून थेट उठायला जाऊ नका. कुशीवर वळा, गुडघे दुमडा, पाय पलंगाखाली सोडा आणि हाताने गादी रेटत बसते व्हा. घरातल्या घरात चार पावलं टाका, तासाभराने पुन्हा टाका. गरम पाण्याची पिशवी लावा. थोडं दुखेल, पण दुखलं म्हणजे आत काही मोडतंय असं नव्हे.

बाकीचे समज थोडक्यात. पट्टा बांधल्याने कंबरदुखी टळत नाही. 2016 च्या एका मोठ्या आढाव्यात ती पुन्हा उद्भवण्याचा धोका व्यायाम आणि माहिती यांच्या जोडीने 45 टक्क्यांनी कमी झाला, पट्ट्याने नाही. फळीवर किंवा जमिनीवर झोपायची गरज नाही, मध्यम टणक गादी चांगली. एमआरआयमध्ये 'गॅप' किंवा झीज दिसली म्हणून घाबरू नका. काहीही दुखत नसलेल्या विशीतल्या लोकांपैकीही 37 टक्के जणांच्या डिस्कची झीज तपासणीत दिसते. वजन उचलणं हा पाठीचा वैरी नाही, हळूहळू वाढवलं तर पाठ त्याने बळकट होते.

मात्र लघवी अडली किंवा नकळत झाली, शौचावरचा ताबा गेला, जांघेच्या आतला भाग बधिर झाला किंवा पायातला जोर जात चालला, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. पाठदुखीसोबत ताप येत असेल, वजन घटत असेल, पूर्वी कर्करोग झाला असेल किंवा रात्री पडून राहूनही ठणका थांबत नसेल, तर मसाज आणि झटके बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांना दाखवा. मणक्याचा क्षयरोग आपल्याकडे आजही आढळतो, आणि वेळेत औषधं सुरू झाली तर तो बरा होतो.